आशियाई गुन्हेगारीपट: रुबाब, वास्तव आणि खमके गडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गुंडांचे सिनेमे आवडीने बघतो असं चारचौघांत सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी, म्हणून थोडी एकतर्फी. बऱ्याच सिनेमांचे शेवट उघड केले आहेत; ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांनी आधी सिनेमा बघावा, मग इकडे यावं.

'टफ गाय'ला मराठीत काय म्हणायचं?

देवनागरीत 'टफ गाय' लिहिलं की गोठ्यात शिरल्यासारखं वाटतं, त्यामुळे ते बाद. 'दादा' म्हटलं की हप्तेवसुली आली, 'मर्द' म्हटलं की भाषण सुरू झालं. मी 'खमक्या' म्हणतो. खमक्या म्हणजे समोरच्याला पुरून उरणारा. त्याला बंदूक लागतेच असं नाही, मिशीही लागत नाही. शिवाय हा शब्द बाईलाही तितकाच शोभतो, त्याचा उपयोग पुढे होईल.

स्टाइल चांगली की वास्तव?

हा प्रश्न जसा विचारला जातो तसा मला पटत नाही. हातात धरलेला हलता कॅमेरा, कळकट भिंती, अंधुक उजेड, मध्येच तुटणारे संवाद ही सगळी ठरवून केलेली सजावटच असते. वास्तववादी सिनेमाही कुणीतरी रचलेलाच असतो, फक्त त्याची इस्त्री मोडलेली असते.

मी वेगळी गोष्ट बघतो. पडद्यावर कुणाला फटका बसला की त्याचं बिल पुढे कुणाच्या नावावर फाडलं जातं? नायक पाच जणांना लोळवतो आणि पुढच्या प्रसंगात टवटवीत चेहऱ्याने चहा पितो, तेव्हा ते बिल कुणीच भरलेलं नसतं. फटका बसलेला माणूस दोन प्रसंगांनंतरही लंगडत असेल, तर सिनेमा कितीही चकचकीत असो, त्यात हिशेब आहे. या एका कसोटीवर बरेच 'रॉ' आणि 'रिअल' म्हणवणारे सिनेमे आपटतात आणि काही अगदी नाटकी सिनेमे तरून जातात.

हाँगकाँगचे गुंड उकाड्यात लांब कोट घालून का फिरतात?

कारण १९८६ साली चाऊ युन-फॅट या नटाने घातला. जॉन वूचा 'अ बेटर टुमॉरो' आला आणि दमट हवेच्या त्या शहरात तरुण पोरं घाम पुसत तसलेच कोट घालून हिंडू लागली. काळा चष्मा, दातांत धरलेली काडी, खोट्या डॉलरच्या नोटेवर पेटवलेली सिगारेट, सगळं त्या एका सिनेमातलं. वूने हे उसनवारीवर उभं केलं होतं. जाँ-पिएर मेलव्हिलच्या फ्रेंच सिनेमातले कोट घातलेले अबोल मारेकरी त्याच्या डोक्यात होते, आणि ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या चांग चेह यांच्या तलवारबाजीच्या पटांमधली दोस्तीखातर मरणारी माणसं होती. तलवार काढून घेतली, दोन्ही हातांत पिस्तुलं दिली.

पण सगळे सांगतात तो प्रसंग नीट बघा. मार्क (म्हणजे चाऊ युन-फॅट) एका उपाहारगृहाच्या बोळातून बाईला मिठीत घेऊन झुलत चालतो आणि चालता चालता फुलझाडांच्या कुंड्यांत पिस्तुलं दडवत जातो. आत जाऊन माणसं मारतो, परत येताना रिकामं पिस्तूल टाकतो आणि कुंडीतलं भरलेलं उचलतो. इथपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतं. पुढे काय होतं? त्याच्या पायात गोळ्या बसतात. नंतर तो दिसतो तेव्हा पायाला आधाराची पट्टी आहे, गाड्यांच्या काचा पुसतोय, आणि काल हाताखाली असलेला पोरगा जमिनीवर फेकतो ते पैसे वाकून गोळा करतोय. गॅरेजच्या कोपऱ्यात बसून डब्यातला भात घशाखाली ढकलताना त्याचा जुना मित्र त्याला बघतो. कोट सगळ्यांच्या लक्षात राहिला, पाय कुणाच्याच नाही. वूच्या सिनेमाला 'नुसती स्टाइल' म्हणणाऱ्यांनी हा डबा बघितलेला नसतो.

खरे गुंड असे शब्दाला जागणारे असतात का?

हा प्रश्न जपानने स्वतःलाच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं.

१९६० च्या दशकात तिथे तोएई स्टुडिओने 'निंक्यो', म्हणजे शब्दाला जागणाऱ्या याकुझांच्या (जपानी गुंडांच्या) पटांचा रतीब घातला होता. ताकाकुरा केन किंवा त्सुरुता कोजी किमोनो घालून, ओठ घट्ट मिटून, अन्याय सोसत राहायचे आणि शेवटी तलवार उपसून एकटेच दुष्ट टोळीच्या घरात शिरायचे. कर्तव्य की माया, अर्थात 'गिरी' की 'निंजो', हा त्यातला कायमचा पेच. प्रेक्षकांना हा याकुझा फार आवडला.

मग जानेवारी १९७३ मध्ये किंजी फुकासाकूचा 'बॅटल्स विदाऊट ऑनर अँड ह्युमॅनिटी' आला. सुरुवातीलाच अणुबॉम्बचा ढग, मग हिरोशिमाजवळच्या कुरे बंदरातला युद्धानंतरचा काळा बाजार. कथेचा आधार एका खऱ्या याकुझाने तुरुंगात लिहिलेल्या आठवणी. कॅमेरा गर्दीत धक्के खात फिरतो. कुणी मेला की चित्र गोठतं आणि नाव-तारीख पडद्यावर उमटते, जणू पोलीस ठाण्यातल्या नोंदवहीत शिक्का बसला.

त्यातला करंगळीचा प्रसंग विसरता येत नाही. माफी मागण्यासाठी बोट कापून द्यायची याकुझांची रीत आहे. नायकाला बोट कापायचंय, पण जमलेल्यांपैकी कुणालाच ते नेमकं कसं करतात हे माहीत नाही. कसंबसं कापतात तर तुकडा उडून अंगणात जातो. मग हे सगळे तगडे गुंड वाकून वाकून तो शोधतात. सापडतो तेव्हा कोंबड्या त्यावर चोची मारत असतात. निंक्यो पटांनी दहा वर्षं उभा केलेला रुबाब एका कोंबडीने खाल्ला. त्यांचा म्होरक्या यामामोरी तर अडचण आली की रडायला लागतो. खोटं रडतो, पण समोरचा विरघळतो, आणि तोच सगळ्यांना पुरून उरतो. आदर्श वगैरे मानणारे एकेक करून मरतात. एक तर खेळण्यांच्या दुकानात मुलासाठी बाहुली घेताना.

तेव्हा उत्तर असं: शब्दाला जागणारे काही असतीलही, पण शेवटपर्यंत टिकतात ते रडणारे.

कोरियन सिनेमात सगळे चाकू, हातोडा आणि बॅट घेऊनच का भांडतात? बंदुका नाहीत का?

दक्षिण कोरियात सामान्य माणसाकडे बंदूक जवळपास नसतेच. शिकारीची बंदूकसुद्धा पोलीस ठाण्यात जमा ठेवावी लागते. गंमत म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेमुळे बहुतेक पुरुषांनी रायफल हाताळलेली असते, म्हणजे चालवता येते पण मिळत नाही. त्यामुळे सिनेमात पिस्तूल आलं की ती बातमी असते. किम जी-वूनच्या 'अ बिटरस्वीट लाइफ'मध्ये (२००५) नायकाला पिस्तूल मिळवायला केवढा खटाटोप करावा लागतो, आणि ते विकणाऱ्यासमोर बसून सुटे भाग जोडण्याची जी शर्यत लागते ती त्या सिनेमातली सगळ्यांत ताणलेली दोन-चार मिनिटं आहेत.

आता यामुळे स्टाइलवर काय परिणाम होतो ते बघा. गोळी लांबून मारता येते, मारणारा कोरडा राहतो. चाकूला जवळ जावं लागतं. जवळ गेलं की झटापट होते, हात घसरतात, दम लागतो, दुसऱ्याचा श्वास तोंडावर येतो. म्हणजे कायद्यातल्या एका कलमाने अख्ख्या देशाच्या मारामारीची चाल ठरवली. पार्क चान-वूकच्या 'ओल्डबॉय'मधला (२००३) मारामारीचा बोळ आठवा. एकच सलग शॉट, कॅमेरा बाजूने सरकतो, जुन्या व्हिडिओ गेमसारखा. हे टोकाचं कृत्रिम आहे. पण आत माणसं थकतात. मध्येच सगळे थांबतात, धापा टाकतात, पाठीत चाकू रुतलेला नायक भिंतीला टेकतो, आणि पुन्हा सुरू. त्या एका शॉटसाठी ३ दिवस लागले होते, आणि ती दमणूक पडद्यावर दिसते. माझ्या मते स्टाइल की वास्तव हा वाद त्या बोळातच मिटला.

ना हाँग-जिनच्या 'द चेसर'मध्ये (२००८) तर पाठलागाला साधा उतारही सोपा नाही. चढणीच्या गल्ल्यांत पळणाऱ्या दोघांच्या छातीचा भाता ऐकू येतो.

जपानी दिग्दर्शक ताकेशी कितानोचे गुंड नुसते बसून असतात. कंटाळा येतो. माझं काही चुकतंय का?

नाही. बसणं हाच त्यांचा धंदा आहे. 'सोनातिने'मध्ये (१९९३) टोळीयुद्धासाठी ओकिनावाला पाठवलेले गुंड समुद्रकाठी लपून राहतात आणि लहान मुलांसारखे खेळतात: कागदी पैलवानांची कुस्ती, फटाक्यांची लढाई, वाळूतले खड्डे. मग अचानक गोळी. लिफ्टमधल्या चकमकीत तर कुणी आडोसाही शोधत नाही, उभ्या उभ्या झाडतात आणि पडतात.

ताकेशी कितानो मूळचा विनोदी कलाकार, जोडीने उभं राहून फटाफट टोले हाणणाऱ्या 'मान्झाई' प्रकारातला. १९८९ मध्ये 'व्हायलंट कॉप'चं दिग्दर्शन फुकासाकूऐवजी त्याच्याकडे आलं आणि हा माणूस दिग्दर्शक झाला. विनोदाची वेळ त्याला ठाऊक होती. त्याने हिंसेला तीच लावली, फक्त आधीची प्रस्तावना काढून टाकली. म्हणून त्याची थप्पड कुठून येते ते कळत नाही. १९९४ च्या मोटरसायकल अपघातानंतर त्याच्या चेहऱ्याचा काही भाग लुळा पडला, आणि १९९७ च्या 'हाना-बी'त तो चेहरा तसाच पडद्यावर आला. त्या सिनेमाला व्हेनिस महोत्सवाचा 'गोल्डन लायन' मिळाला.

पुन्हा बघताना एवढंच करा: गोळीबार सोडून द्या आणि हे लोक वाट कशी बघतात ते बघा.

पोलीस कुठे असतात?

आशियाई सिनेमातला पोलीस बऱ्याचदा गुंडापेक्षा जास्त दमलेला असतो. बाँग जून-होच्या 'मेमरीज ऑफ मर्डर'मध्ये (२००३) प्रेताशेजारी मिळालेला पायाचा ठसा जपायची धडपड चालू असते, आणि शेतातून आलेला ट्रॅक्टर तो सरळ तुडवून जातो. यातला एक शिपाई संशयितांना उडी मारून लाथा घालतो. सुरुवातीला हसू येतं. तासाभराने त्याच लाथांनी चुकीची माणसं कबुलीजबाब देताना दिसतात आणि आपण हसलो याची लाज वाटते. लाथ मारणाऱ्याचं पुढे काय होतं? पायात गंजका खिळा घुसतो आणि पाय जातो. बिल भरलं.

हा सिनेमा ह्वासाँग इथे १९८६ ते १९९१ दरम्यान झालेल्या खऱ्या खुनांवर बेतलेला आहे. सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता, म्हणून शेवटच्या शॉटमध्ये नायक थेट प्रेक्षकांकडे बघतो. २०१९ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखला गेला. तो दुसऱ्याच एका खुनासाठी आधीपासून जन्मठेप भोगत होता. त्याच मालिकेतल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने जवळपास २० वर्षं तुरुंगात काढली होती, २०२० मध्ये तो निर्दोष ठरला. लाथांचा प्रसंग आता बघवत नाही.

'इन्फर्नल अफेअर्स'चे दोन शेवट आहेत, हे खरं का?

खरं आहे. पोलिसांत घुसलेला गुंड आणि गुंडांत घुसलेला पोलीस यांच्या या गोष्टीत (२००२) मूळ शेवटी गुंड सुटतो आणि पोलिसाचा गणवेश घालून जगत राहतो. चीनच्या मुख्य भूमीसाठी मात्र लिफ्टचं दार उघडताच त्याला अटक होते, कारण गुन्हेगार सुटलेला दाखवणं तिथे चालत नाही. सिनेमाचं चिनी नाव अवीची नरकावरून आहे, जिथल्या यातनांना खंड नाही. मग सुटणं हीच शिक्षा झाली! अटक दाखवून त्यांनी बिचाऱ्याची सुटका केली.

या सिनेमांमुळे गुंडगिरीला ग्लॅमर मिळतं का?

मिळतं. इथे सारवासारव करण्यात अर्थ नाही. १९९६ च्या 'यंग अँड डेंजरस'ने हाँगकाँगमध्ये केसांच्या झुलपांसकट टोळीतली पोरं देखणी करून टाकली आणि त्याचे भाग निघत राहिले. ज्या शहरात आपण ट्रायडचे (तिथल्या गुप्त गुन्हेगारी टोळीचे) सदस्य आहोत असं नुसतं सांगणं हा गुन्हा आहे, तिथे!

याला सिनेमानेच दिलेली उत्तरं मला जास्त आवडतात. जॉनी टोच्या 'इलेक्शन'मध्ये (२००५) ट्रायडचा नवा प्रमुख निवडायचा आहे. म्हातारे काका लोक चहा पीत हिशेब मांडतात, सगळा कारभार एखाद्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखा. अख्ख्या सिनेमात गोळी सुटत नाही. निष्ठा दाखवायला एक जण चिनीमातीचा चमचा दातांनी फोडून खातो. शेवटी मासेमारीला गेलेल्या दोघांपैकी एक जण दगडाने दुसऱ्याचं डोकं ठेचतो, पुन्हा पुन्हा, आणि झाडावरची माकडं बघत असतात. यानंतर लांब कोट घ्यावासा वाटत नाही.

दुसरं उत्तर जिया झांगकेचं. 'ॲश इज प्युअरेस्ट व्हाइट'मधली (२०१८) छोट्या खाणशहरातली टोळी एकत्र बसून हाँगकाँगचा जुना गुंडपट बघते, डोळे विस्फारून. ही माणसं गुंड आहेत खरी, पण गुंड कसं व्हायचं ते टीव्हीवरून शिकली आहेत. त्यातच एक जण उसने घेतलेले पैसे नाकारतो. म्होरक्या मारझोड करत नाही, निष्ठेचा देव मानल्या जाणाऱ्या ग्वान यूची मूर्ती आणून समोर ठेवतो. माणूस कबूल होतो.

बायका कुठे आहेत या सगळ्यात?

असायला हव्या त्यापेक्षा कमी. रडणारी आई, वाट बघणारी प्रेयसी, बारमधली गायिका, एवढ्यावर बहुतेकांनी भागवलं आहे.

अपवाद मात्र दणदणीत आहेत. १९६८ ते १९७२ दरम्यान फुजी जुन्कोने 'रेड पिओनी गॅम्बलर' मालिकेच्या ८ भागांत ताकाकुरा केनच्या तोडीची तलवार चालवली. आणि माझ्या मते या सगळ्या यादीतली सर्वांत खमकी व्यक्ती जुझो इतामीच्या 'मिन्बो'त (१९९२) आहे. ती वकील आहे. एका हॉटेलात याकुझा येऊन आरडाओरडा करून पैसे उकळत असतात, आणि ही बाई घाबरलेल्या कर्मचाऱ्यांना शिकवते की आवाज चढवायचा नाही, मारायचं नाही, सगळं नोंदवायचं आणि कायद्याचं बोलायचं. त्यात याकुझा ओरडणारे, बालिश, भित्रे दिसले. सिनेमा लागून ६ दिवस झाले नाहीत तोच खऱ्या याकुझांनी इतामीला घराजवळ गाठून त्याचा चेहरा चाकूने कापला. तलवारीने शेकडो माणसं कापणारा याकुझा दाखवला तर यांना राग येत नाही. हसू आणलं की येतो.

आपले हिंदी सिनेमे यात धरायचे का?

का नाही धरायचे? भारत आशियातच आहे. 'दीवार'मधला (१९७५) गाठ मारलेला निळा शर्ट हा आपला लांब कोट; शर्ट चुकून लांब शिवला गेला म्हणून गाठ मारली, असं खुद्द बच्चन यांनी सांगितलं आहे.

पण खमकेपणाची चिरफाड बघायची तर 'अर्धसत्य' (१९८३). श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. अनंत वेलणकर फौजदार का झाला? बायकोला मारणाऱ्या हवालदार बापाने केलं म्हणून. बापाच्या हातून सुटलेली ती मारझोड फौजदाराच्या कोठडीत येऊन पोहोचते आणि एक आरोपी मरतो. मग निस्तरायला रामा शेट्टी या गुंडाच्याच दारात जावं लागतं. त्या खोलीत ओम पुरीचा चेहरा बघा, आणि समोर एकही आवाज न चढवणारे सदाशिव अमरापूरकर. गुंडाने ओरडायची गरजच नाही, हे तिथे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

'सत्या'तला (१९९८) भिकू म्हात्रे घरी बायकोशी भांडतो आणि बाहेर डॉन असतो. मरतो तेव्हा त्याला शेवटचा संवाद मिळत नाही. मैफलीत हसता हसता त्याचाच आश्रयदाता डोक्यात गोळी घालतो. आपल्याकडच्या पडद्यावर तोवर मरणाऱ्याला दहा मिनिटं बोलू देत असत.

हॉलिवूडने हे सगळं ढापलं का?

थोडं ढापलं, पण गुंता त्याहून मजेशीर आहे. मेलव्हिलने १९६७ साली सामुराईचं नाव देऊन फ्रेंच सिनेमा काढला आणि सुरुवातीला 'बुशिदो'तलं (सामुराईंच्या आचारसंहितेतलं) म्हणून एक वचन टाकलं, जे त्याने स्वतःच रचलं होतं. त्या बनावट जपानी माणसावरून हाँगकाँगने आपला मारेकरी घडवला. रिंगो लॅमच्या 'सिटी ऑन फायर'वरून (१९८७) टॅरेंटिनोने 'रिझर्व्हॉयर डॉग्ज' उचलला, आणि 'इन्फर्नल अफेअर्स'च्या रीमेकला तर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. चोरीचा माल इतक्या हातांतून फिरला की आता फिर्याद कुणी द्यायची?

डब केलेलं बघावं की सबटायटल्स लावून?

सबटायटल्स. आवाजातला दम डबिंगमध्ये जातो.

सुरुवात कुठून करू?

'मेमरीज ऑफ मर्डर'पासून. मग 'अ बेटर टुमॉरो', पण पाय लक्षात ठेवून. तिसरा 'इलेक्शन'. फुकासाकूचा सिनेमा बघताना पहिल्या अर्ध्या तासात कोण कुणाचा माणूस ते कळणार नाही. कागदावर नावं लिहायला बसू नका, निम्मे लवकरच मरतात. फिलिपिन्सच्या ब्रियान्ते मेंडोझाचा 'किनाताय' (२००९) एकट्याने आणि धीर असेल तरच. सकाळी लग्न झालेला एक पोरगा रात्री गुंडांच्या गाडीत बसतो, गाडी अंधारात जातच राहते, आणि आपल्यालाही उतरता येत नाही.

सेइजुन सुझुकीचा 'ब्रँडेड टू किल' (१९६७) कधीही बघा, क्रमाने काही फरक पडत नाही. त्यातल्या भाडोत्री मारेकऱ्याला शिजणाऱ्या भाताच्या वासाने चेव चढतो, आणि काम करणाऱ्या शिशिदो जो या नटाने शस्त्रक्रिया करून गाल फुगवून घेतले होते. तुम्हाला काही कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. निक्कात्सु स्टुडिओच्या मालकालाही कळलं नव्हतं, त्याने १९६८ मध्ये सुझुकीला कामावरून काढून टाकलं.